साबणनिर्मितीचे लोकप्रशिक्षण आणि किंमतनिश्चितीचा प्रश्न : मगनवाडी ते महिला बचत गट

बीजशब्द : ग्रामोद्योग, अखाद्य तेले, किमान मजुरी, किंमतनिश्चिती, बचत गट

विषयप्रवेश

महाराष्ट्रातील महिला बचत गटांसाठी भरविल्या जाणाऱ्या अल्पमुदतीच्या प्रशिक्षण वर्गांत पापड, मसाले, अगरबत्ती यांच्या बरोबरीने 'नैसर्गिक साबण' हा विषय आता रुळला आहे. खोबरेल, एरंडेल, कडुनिंब, हळद, कोरफड, मुलतानी माती यांपासून साबण कसा करावा हे काही दिवसांत शिकविले जाते. वर्ग संपतो, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि गटातील स्त्रिया पहिला घाणा घालतात. वडी तयार झाल्यावर 'ही कितीला द्यायची?' हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर बहुधा शेजारच्या दुकानातील कारखानी साबणाच्या वेष्टनावर शोधले जाते.

हा प्रश्न नवा नाही. भारतात साबणनिर्मितीचे शिक्षण सामान्य लोकांना देण्याचा प्रयत्न सुमारे एक शतकाहून अधिक काळ सुरू आहे. या काळात कृती शिकविणे आणि किंमत ठरविणे या दोन बाबी कधी जाणीवपूर्वक वेगळ्या ठेवल्या गेल्या, तर कधी त्या एकत्र आणण्याचा प्रयत्न झाला. असा सर्वांत गंभीर प्रयत्न वर्ध्याच्या मगनवाडीत १९३५ च्या सुमारास झाला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्या प्रयत्नाचा विसर पडल्यामुळे आजच्या प्रशिक्षणात करणाऱ्याची मजुरी हिशेबाबाहेर राहते, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू होय.

साजीखार, लोणार आणि कारखानी साबण

साबण ही वस्तू इंग्रजांनी प्रथम येथे आणली असा एक समज आहे. तो खरा नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारच्या परिसरात काच आणि साबण यांना लागणारी द्रव्ये मिळतात अशी नोंद केली आहे. लोणार सरोवराच्या काठी जमणारा खार हा मुख्यतः सोडियम कार्बोनेट व बायकार्बोनेट यांचा असतो. हाच खार साजीखार, पापडखार अशा नावांनी देशभर परिचित होता. कपडे धुणारे परीट खारी माती वापरीत. अंगाला लावण्यासाठी डाळीचे पीठ, रिठा, शिकेकाई, उटणे होते. तेव्हा साबण ठाऊक असला तरी त्याची घरोघर गरज भासत नव्हती.

ही गरज कारखानी मालाने निर्माण केली. १८८८ मध्ये लिव्हर बंधूंचा 'सनलाइट' साबण कलकत्त्याच्या बंदरात उतरला. पुढे १९३३ मध्ये लिव्हर ब्रदर्स (इंडिया) ही कंपनी स्थापन झाली आणि १९३४ पासून मुंबईत शिवडी येथे साबण तयार होऊ लागला. देशी भांडवलानेही या क्षेत्रात प्रवेश केला. अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास प्राण्यांची चरबी न वापरता केवळ वनस्पती तेलांपासून साबण तयार करून बाजारात आणला. म्हैसूर संस्थानाने १९१६ मध्ये चंदनतेलाचा कारखाना आणि त्यापाठोपाठ बंगलोरला साबणाचा कारखाना काढला. चरबीरहित साबणाला स्वदेशीच्या वातावरणात जो प्रतिसाद मिळाला त्यामागे धार्मिक भावनाही होती. 'नैसर्गिक' हे आजचे विशेषण त्या काळच्या 'शुद्ध' या विशेषणाचाच वारसा सांगते, असे म्हणण्यास हरकत नाही.

येथे कारखानी साबणाच्या स्वस्ताईचे एक कारण नोंदविले पाहिजे, कारण पुढील विवेचनात त्याचा संबंध येतो. तेल आणि दाहक अल्कली यांच्या संयोगातून साबण व ग्लिसरीन असे दोन पदार्थ तयार होतात. मोठ्या कढयांत साबण शिजवून मीठ घातले की साबण वर तरंगतो आणि ग्लिसरीन खालच्या द्रावात उतरते. कारखानदार ते वेगळे काढून औषधे, स्फोटके इत्यादींसाठी विकतो. त्यामुळे तेलाच्या किमतीचा काही भाग साबण विकण्यापूर्वीच वसूल होतो. घरगुती पद्धतीत ग्लिसरीन साबणातच राहते. त्वचेला ते चांगले. परंतु करणाऱ्याला त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत.

शिकवावे, परंतु विकू नये : १९१० चा खलिता

साबणासारख्या उद्योगांचे शिक्षण लोकांना सरकारने द्यावे काय, हा वाद विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास इलाख्यात झाला. आल्फ्रेड चॅटर्टन यांच्या प्रेरणेने तेथे अॅल्युमिनियमची भांडी, क्रोम पद्धतीने कातडी कमावणे इत्यादी उद्योग सरकारी खर्चाने चालवून दाखविण्यात आले होते. खाजगी युरोपीय व्यापाऱ्यांनी त्यास विरोध केला. १९१० मध्ये भारतमंत्री लॉर्ड मोर्ले यांनी आपल्या खलित्यात असा निर्णय दिला की, नव्या पद्धतींची लोकांना ओळख करून देण्यासाठी सरकारी पैसा खर्च करण्यास प्रत्यवाय नाही. व्यापार मात्र सरकारने करू नये. पुढे हे धोरण काहीसे सैल झाले. १९१४ मध्ये मद्रास सरकारच्या मत्स्यविभागामार्फत, सर फ्रेडरिक निकल्सन यांच्या पुढाकाराने, मलबार किनाऱ्यावरील तानूर येथे साबणाचे प्रयोग सुरू झाले. माशांच्या तेलाचा उपयोग शोधणे हा त्यांचा मूळ उद्देश होता. ते काम नंतर कालिकत येथे हलविण्यात आले आणि 'केरळ सोप इन्स्टिट्यूट' या नावाने ते ओळखले जाऊ लागले. साबणशास्त्राचे शिक्षण देणारी ती देशातील आरंभीच्या संस्थांपैकी एक होय.

मोर्ले यांच्या खलित्याचे महत्त्व त्यातील विभागणीत आहे. शिक्षण हे सरकारचे काम आणि भाव हे बाजाराचे काम, अशी ती विभागणी होती. साम्राज्याच्या व्यापारी हितासाठी आखलेली ही रेषा स्वातंत्र्यानंतरच्या प्रशिक्षण योजनांतही कळत-नकळत टिकून राहिली. अभ्यासक्रमात रसायन आले, साचे आले, रंग-सुगंध आले. भाव काढण्याचे गणित परिशिष्टात गेले.

मराठीतही त्या काळात उद्योगविषयक लेखनाची एक धारा निर्माण झाली होती. नागपूरहून वि. ना. वाडेगावकर यांनी चालविलेले 'उद्यम' मासिक हे तिचे ठळक उदाहरण. घरगुती व छोट्या उद्योगांच्या कृती सुशिक्षित बेकारांपर्यंत पोहोचविण्याचे कार्य या मासिकाने दीर्घकाळ केले. या धारेचे ऋण मोठे आहे. तथापि कृती हाच अशा लेखनाचा गाभा होता, आणि कृती हाती आली की धंदा उभा राहील अशी श्रद्धा त्यामागे होती.

मगनवाडी

ऑक्टोबर १९३४ मध्ये मुंबई येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनातील ठरावानुसार त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. श्रीकृष्णदास जाजू हे अध्यक्ष व जे. सी. कुमारप्पा हे चिटणीस होते. जमनालाल बजाज यांनी आपली बाग व त्यातील घर संघाला दिले आणि मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेस मगनवाडी हे नाव मिळाले. तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन, ताडगूळ, गिरणीऐवजी जात्यावर दळलेले पीठ, हातसडीचा तांदूळ या विषयांबरोबर साबण हाही मगनवाडीच्या कार्यक्रमात होता. गावोगावच्या तरुणांना तेथे ग्रामसेवक म्हणून तयार करण्यात येई.

मगनवाडीच्या साबणाचे वैशिष्ट्य म्हणजे तो साजीमातीपासून करण्यावर दिलेला भर. कॉस्टिक सोडा त्या काळी बहुतांशी परदेशातून येत असे. मिठापूरच्या टाटा केमिकल्सची स्थापनाही १९३९ ची. तेव्हा खेड्यातला साबण खरोखर खेड्याचा व्हावयाचा असेल तर अल्कलीही खेड्यातच तयार झाली पाहिजे, असा विचार होता. त्याची कृती रसायनशास्त्राच्या दृष्टीने साधी आहे. साजीखाराचे पाणी चुन्याच्या निवळीत किंवा कळीच्या चुन्यात मिसळून उकळले की कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसते आणि वर दाहक सोड्याचे पाणी राहते. हे पाणी तेलात घालून साबण होतो. अडचण अशी की साजीमातीतील खाराचे प्रमाण जागेगणिक आणि ऋतुगणिक बदलते. त्यामुळे द्रावाची तीव्रता निश्चित राहत नाही. तीव्रता कमी पडली तर तेलकट आणि जास्त झाली तर हात भाजणारा साबण तयार होतो. एकाच गावात एका महिन्याचा साबण दुसऱ्या महिन्याच्या साबणासारखा नसे, ही टीका म्हणूनच अस्थानी म्हणता येणार नाही. गुणवत्तेतील ही अनिश्चिती किमतीवरही परिणाम करते, कारण गिऱ्हाईक प्रत्येक वडीसाठी तोच भाव तेव्हाच देते जेव्हा प्रत्येक वडी सारखी असते.

आज 'केमिकल-फ्री साबण' असे वेष्टनावर छापले जाते तेव्हा मगनवाडीतील हा खटाटोप आठवावा. अल्कलीशिवाय साबण होत नाही; मग ती साजीमातीतून आलेली असो वा कारखान्यातून. मगनवाडीच्या कार्यकर्त्यांनी तसा दावा केला नाही. त्यांचा आक्षेप अल्कलीच्या रसायनावर नव्हता, तिच्यासाठी गावाबाहेर जाणाऱ्या पैशावर होता.

मजुरीपासून किमतीकडे

कुमारप्पा हे ग्रामोद्योगाचे तत्त्वज्ञ म्हणून ओळखले जातात. परंतु मूळचे ते हिशेबनीस होते. लंडनमध्ये त्यांनी लेखापरीक्षणाचे शिक्षण घेतले होते, मुंबईत त्या व्यवसायात काम केले होते आणि नंतर कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थव्यवहाराचा अभ्यास केला होता. १९२९-३० मध्ये गुजरातेतील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी त्यांनी केली. त्यांच्या लेखनात कारखानी वस्तूंच्या स्वस्ताईविषयी एक आक्षेप पुनःपुन्हा येतो. कारखान्याच्या किमतीत बेकारीचा, कच्च्या मालासाठी होणाऱ्या पिळवणुकीचा आणि बाजारपेठा राखण्यासाठी होणाऱ्या युद्धांचा खर्च धरलेला नसतो. तो समाज वेगळ्या वाटेने भरतो. हा हिशेबनिसाचा आक्षेप आहे : ताळेबंद अपुरा आहे, असे तो सांगतो.

याच सुमारास खादीच्या क्षेत्रात मजुरीचा प्रश्न तीव्र झाला. कातणाऱ्या स्त्रियांना मिळणारी मजुरी इतकी अल्प होती की तिच्यावर पोट भरणे अशक्य होते. वर्ध्याजवळ नालवाडी येथे विनोबा भावे यांनी स्वतः कातून, त्या मजुरीवर निर्वाह होतो काय याचा प्रयोग केला. तो होत नाही, हे त्यातून उघड झाले. गांधीजींनी १९३५ मध्ये हा विषय 'हरिजन'मधून लावून धरला. आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत अशी त्यांची मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात अखिल भारत चरखा संघाने त्याच वर्षी वर्धा येथील बैठकीत निर्वाहास पुरेशी किमान मजुरी देण्याचे तत्त्व स्वीकारले आणि आठ तासांच्या कार्यक्षम कामासाठी तीन आण्यांच्या आसपासची मजुरी हे तातडीचे लक्ष्य ठरले. ग्रामोद्योग संघानेही आपल्या आश्रयाखालील सर्व उद्योगांसाठी आठ तासांच्या कामावर आधारलेल्या किमान मजुरीचे तत्त्व १९३५ मध्येच मान्य केले.

या ठरावाने किंमत काढण्याचा क्रमच उलटा झाला. बाजारातला भाव पाहायचा, त्यातून मालाचा खर्च वजा करायचा आणि उरेल ती मजुरी, हा व्यवहारातला क्रम होता. वर्ध्याने मजुरी प्रथम ठरविली, तीत मालाचा व व्यवस्थेचा खर्च मिळविला आणि येईल ती किंमत मानली. खादी महागेल, विक्री घटेल, गरीब गिऱ्हाईक दुरावेल असे आक्षेप चळवळीतल्याच लोकांनी घेतले. ते निराधारही नव्हते. वाढीव किंमत देणारा ग्राहक हा मुख्यतः राष्ट्रीय भावनेचा सुशिक्षित ग्राहक होता. कापडाच्या बाबतीत ही भावना प्रबळ होती. साबणाच्या बाबतीत ती तितकी नव्हती, कारण गोदरेजसारखा स्वदेशी कारखानी साबण उपलब्ध होता व तो विकत घेणाऱ्याला आपण देशकार्यच करतो असे वाटणे स्वाभाविक होते. साबणाला खादीइतके नैतिक वलय कधीच लाभले नाही, आणि मगनवाडीचा साबण मागे पडण्याचे हे एक कारण दिसते.

असे असले तरी शिक्षणाच्या दृष्टीने या क्रमाचे मोल वेगळेच आहे. मजुरी आधी धरायची ठरली की शिकणाऱ्याला आपल्या कामाचे तास मोजावे लागतात. तास मोजले की कोणत्या कामात वेळ वाया जातो हे कळते. झवेरभाई पटेल यांनी मगनवाडीत तेलघाणीत ज्या सुधारणा केल्या त्यांचे प्रयोजनही हेच होते : त्याच बैलाच्या आणि त्याच तेल्याच्या श्रमात अधिक तेल निघावे. ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडलेल्या मगन संग्रहालयात ग्रामोद्योगांची साधने आणि उत्पादने शेजारी शेजारी मांडण्यात आली. साधन, श्रम आणि वस्तू यांचा संबंध एका दृष्टिक्षेपात दिसावा ही त्यामागची योजना होती. १९४२ च्या आंदोलनात कार्यकर्ते तुरुंगात गेले आणि हे काम विस्कळीत झाले.

खादी आयोग व निंबोळी

स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये अखिल भारतीय खादी व ग्रामोद्योग मंडळ आणि १९५७ मध्ये वैधानिक आयोग अस्तित्वात आला. सहकारी चळवळीतील वैकुंठभाई मेहता हे त्याचे पहिले अध्यक्ष. १९५५ मध्ये मगनवाडीच्याच परिसरात जमनालाल बजाज यांच्या नावाने ग्रामोद्योगांची मध्यवर्ती संशोधन संस्था सुरू झाली; तिचेच रूपांतर पुढे महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत झाले. आयोगाने 'अखाद्य तेल व साबण' हा स्वतंत्र उद्योग मानला. युद्धकाळापासून खाद्यतेलाची टंचाई होती आणि खाण्याचे तेल साबणात घालविणे अनुचित वाटत होते. उलट कडुनिंब, करंज, मोह, कोकणातील उंडी यांच्या बिया मोठ्या प्रमाणात रानात कुजून जात. त्या गोळा केल्यास भूमिहीन कुटुंबांना शेतीची कामे थंडावलेल्या काळात रोजगार मिळेल, अशी ही दुहेरी योजना होती.

निंबोळी तेलाचा साबण करणे सोपे नव्हते. तेल काळपट, कडू आणि गंधकयुक्त उग्र वासाचे. निंबोळ्या पावसाच्या तोंडावर पिकतात. त्या भिजल्या की बुरशी धरते आणि तेलाची आम्लता वाढते. लगद काढून बी सावलीत सुकविणे, तेल शुद्ध करणे, पेंडीचा खत म्हणून उपयोग करणे यांविषयी पद्धतशीर काम आयोगाच्या या विभागात झाले. त्यात चिं. म. केतकर यांचा वाटा महत्त्वाचा होता. निंबाच्या व त्याच्या उपपदार्थांच्या उपयोगावरील त्यांचा ग्रंथ आयोगाने १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. कारखान्याला ग्लिसरीनचे पैसे मिळतात तसे ग्रामोद्योगी तेलाला पेंडीचे पैसे मिळावेत, असा आर्थिक अर्थ पेंडीच्या प्रचाराचा लावता येतो. (२०१५ मध्ये युरियावर निंबतेलाचे आवरण पूर्णतः सक्तीचे झाले तेव्हा निंबोळीला एकाएकी मोठे गिऱ्हाईक मिळाले, हा या कथेचा अनपेक्षित उपसंहार होय.)

किमतीचा प्रश्न मात्र या काळात करणाऱ्याच्या हातून निघून कार्यालयाकडे गेला. कर्ज, अनुदान, भांडारांतील विक्री यांची साखळी तयार झाली. साबण करणाऱ्या संस्थेचे अस्तित्व गिऱ्हाइकाइतकेच मंजुरीपत्रावर अवलंबून राहिले. धुण्याचा साबण लघुउद्योगांसाठी राखीव झाला, आणि हे आरक्षण एप्रिल २०१५ मध्ये शेवटच्या वीस वस्तूंबरोबर उठेपर्यंत टिकले. या संरक्षणाचा लाभ खेड्यातील साबणाला किती झाला, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. धुण्याच्या साबणाला खरे आव्हान साबणाने दिलेच नाही. ते अपमार्जक पावडरीने दिले. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी सुरू केलेली 'निरमा' हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. ती स्वतः एका माणसाने घराच्या अंगणात सुरू केलेली, सायकलवरून विकलेली वस्तू होती. ग्रामोद्योगाचे स्वप्न एका अर्थी तिने पुरे केले, परंतु तेल, घाणी आणि निंबोळी या तिघांना वगळून.

बचत गट आणि न मोजलेले तास

१९९० नंतर प्रशिक्षणाचे माध्यम बदलले. खादी संस्थांची जागा बचत गटांनी घेतली. महिला आर्थिक विकास महामंडळ (स्थापना १९७५), १९९९ ची स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना, २०११ पासूनचे राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान आणि महाराष्ट्रातील त्याचे 'उमेद' हे रूप, बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, १९६७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या श्रमिक विद्यापीठाच्या कल्पनेतून वाढलेली जनशिक्षण संस्थाने अशा अनेक वाटांनी साबणाची कृती गावात पोहोचली. धुण्याच्या साबणाऐवजी आता अंगाचा साबण शिकविला जातो, आणि तो बहुधा शीत पद्धतीने किंवा तयार साबणाचा गर वितळवून. दुसऱ्या पद्धतीत साबण 'करण्या'चे काम कारखान्यातच झालेले असते. गटाकडे रंग, वास आणि साचा एवढेच उरते. तिला साबणनिर्मिती म्हणणे सौजन्याचे ठरेल.

शीत पद्धतीत किमतीचा प्रश्न कसा दडलेला असतो हे एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. एक किलो तेलाचा घाणा घेऊ : खोबरेल ४०० ग्रॅम, शेंगदाणा तेल ४०० ग्रॅम, एरंडेल २०० ग्रॅम. प्रत्येक तेलाला लागणारा कॉस्टिक निराळा असतो. एक ग्रॅम खोबरेलाला सुमारे ०.१८३, शेंगदाणा तेलाला ०.१३६ आणि एरंडेलाला ०.१२८ ग्रॅम. एकूण सुमारे १५३ ग्रॅम होतो. त्वचेच्या सुरक्षिततेसाठी पाच टक्के कमी करून १४५ ग्रॅम घेतात. पाणी ३३० ग्रॅम. ओला साबण १,४७५ ग्रॅम भरतो. चार ते सहा आठवडे मुरल्यावर पाणी उडून सुमारे १,३०० ग्रॅम राहतो. म्हणजे शंभर ग्रॅमच्या तेरा वड्या. ओला असतानाच शंभर ग्रॅमच्या वड्या कापल्या तर त्या विकताना अठ्ठ्याऐंशी ग्रॅमच्या भरतात आणि वेष्टनावरील वजन खोटे ठरते. वजनमापाचा कायदा हा दोष माफ करीत नाही.

आता खर्च. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी धरलेले आहेत. तेल ३३० रुपये, कॉस्टिक ३०, सुगंध व इतर ६०, वेष्टन ६५. एकूण ४८५ रुपये. साचे, काटा यांची झीज व वीज ५२ रुपये. वजन करणे, मिसळणे, कापणे, वेष्टन, साफसफाई मिळून पाच तास. गटाने पन्नास रुपयांना वडी विकली आणि तेरांपैकी एक नमुन्यात गेली, तर हाती ६०० रुपये येतात. खर्च वजा जाता ६३ रुपये उरतात. पाच तासांचे ६३ रुपये, म्हणजे तासाला साडेबारा रुपयांच्या आसपास. गटाच्या वहीत मात्र हा 'नफा' म्हणून लिहिला जातो आणि धंदा फायद्यात असल्याची नोंद होते.

वर्ध्याच्या क्रमाने हेच गणित मांडले तर? तासाला साठ रुपये मजुरी आधी धरली तर पाच तासांचे ३०० रुपये होतात. एकूण खर्च ८३७ रुपये. बारा वड्यांना वाटता प्रत्येकी सुमारे सत्तर. दुकानदाराने छापील किमतीवर तीस टक्के घेतले तर छापील किंमत शंभर रुपये ठेवावी लागते, आणि तीत नफा शून्य असतो. हा आकडा पाहून गट घाबरतात. परंतु घाबरण्याऐवजी मोजलेल्या तासांकडे पाहिले तर मार्ग दिसतो. एक किलोऐवजी पाच किलोचा घाणा घातला तर पासष्ट वड्यांना पंचवीस तास लागत नाहीत; आठ तासांत काम होऊ शकते. मजुरी कमी न करता प्रत्येक वडीमागे मजुरीचा बोजा तेवीस रुपयांवरून साडेसात रुपयांपर्यंत येतो. वर्गात एक किलोचा घाणा दाखवायचा आणि त्याच मापाने धंदा करा म्हणून सांगायचे, ही प्रशिक्षणातली मोठी उणीव आहे. रसायन दोन्हींत तेच. हिशेब पूर्णतः वेगळा.

येथे एक आक्षेप संभवतो. घरकामातून उरलेल्या वेळात केलेल्या कामाला बाजारातील मजुरी का लावावी, असा प्रश्न अनेकदा प्रशिक्षकच विचारतात. १९३५ मध्येही कातणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत हाच युक्तिवाद होता : ती फावल्या वेळात कातते, तिला मिळेल ते अधिकच. तो युक्तिवाद त्या वेळी वर्ध्यात नाकारला गेला. किमान वेतनाचा १९४८ चा कायदा मालक आणि मजूर यांच्या नात्यासाठी झाला. स्वतःच मालक व स्वतःच मजूर असलेल्या बचत गटातील स्त्रीला त्याचा आधार नव्हता. स्वयंरोजगार या शब्दात तिची मजुरी अशी अदृश्य होते.

परवाने, कर आणि 'नैसर्गिक' हे विशेषण

किमतीत आणखी काही खर्च येतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा असला तरी 'प्रसाधन' या व्याख्येतून साबण प्रारंभी वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीनंतर अंगाचा साबण तीत आला. २०२० च्या नियमांनुसार त्याच्या उत्पादनाला परवाना लागतो आणि महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनामार्फत मिळतो. जागा, उपकरणे आणि तज्ज्ञ व्यक्ती यांविषयीच्या अटी स्वयंपाकघरात साबण करणाऱ्या गटाला पेलणे कठीण जाते. परिणामी 'हस्तकला वस्तू' म्हणून प्रदर्शनात विकणे आणि दुकानापर्यंत न जाणे, ही पळवाट गट स्वीकारतात. किंमत मग प्रदर्शनातल्या गर्दीवर ठरते. साबणावरील वस्तू व सेवा कर १८ टक्के होता. सप्टेंबर २०२५ मध्ये अंगाच्या साबणाच्या वड्यांवर तो ५ टक्के करण्यात आला. गटांची उलाढाल बहुधा नोंदणीच्या मर्यादेखालीच असल्याने त्यांना स्वतः कर भरावा लागत नव्हता. करकपातीचा थेट लाभ म्हणून कारखानी साबणाला झाला आणि दोन्हींच्या किमतींतील अंतर काहीसे वाढले.

भारतीय मानकांत अंगाच्या साबणाची प्रत एकूण स्निग्धांशावरून ठरते : पहिल्या प्रतीस किमान ७६, दुसरीस ७० आणि तिसरीस ६० टक्के. वर दिलेल्या घाण्यातील नीट मुरलेली वडी सत्तरच्या थोडी वर भरते, म्हणजे दुसऱ्या प्रतीत बसू शकते. साबणात राहिलेले ग्लिसरीन स्निग्धांशात मोजले जात नाही, म्हणून ती पहिल्या प्रतीपर्यंत सहसा पोहोचत नाही. गिऱ्हाइकाला हे समजावून सांगता आले तर किमतीचे समर्थन करणे सोपे जाते. 'केमिकल-फ्री' या असत्य शब्दाची मग गरज उरत नाही. वर्धा, अमरावती, यवतमाळ या पट्ट्यात निंबोळी आजही रस्त्याच्या कडेला पडते. ती वेचणाऱ्या बाईला किलोमागे काय द्यायचे, हा आकडा गटाच्या खर्चपत्रकातील पहिली ओळ व्हावयास हवा. बहुतेक नमुना-प्रकल्प अहवालांत तेल 'बाजारभावाने' धरलेले असते, आणि वेचणारी त्या बाजारभावाच्या मागे असते.